दुसरा नंबर बंद नसतो

किनवटहून कोणी इंद्रवेल्लीला फोन लावला आणि समोरचा माणूस नेमका त्याच वेळी आपल्या दुसऱ्या सिमवर बोलत असेल, तर लावणाऱ्याच्या कानावर पडणारे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते. नंबर स्विच ऑफ आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे, असे तेलुगूत आणि मग हिंदी-इंग्रजीत सांगितले जाते. खरे तर फोन चालू असतो, बॅटरी भरलेली असते, दोन्ही सिमना रेंज असते आणि दोन्हींचा रिचार्जही संपलेला नसतो. फोन लांब कुठे ठेवलेलाही नसतो, तो कानालाच लावलेला असतो. तरी लावणाऱ्याला एंगेज टोन मिळत नाही आणि बोलणाऱ्याला वेटिंगचा बीप येत नाही. लावणारा समजतो, हा रानात गेला असेल. बोलणाऱ्याला तर कोणाचा फोन येत होता याचा पत्ताच नसतो. ही उणीव इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल तक्रार करायची असते हेही आपण विसरलो आहोत. माझे म्हणणे साधे आहे. ज्या नंबरचे पैसे ग्राहक दर महिन्याला भरतो तो नंबर लागला पाहिजे, आणि लागत नसेल तर का लागत नाही हे लावणाऱ्याला खरे सांगितले पाहिजे. त्यासाठी लागणारी बरीचशी सोय कंपन्यांच्या जाळ्यात आजच आहे. ती ग्राहकापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नाही.

इंद्रवेल्लीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण शहरात दुसरे सिम ही सोय असते, इथे ती गरज आहे. आदिलाबादहून गुडीहत्नूरमार्गे उटनूरकडे जाताना लागणारे तेलंगणातले हे मंडलाचे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, २० एप्रिल १९८१ रोजी आदिवासींवर झालेला गोळीबार, आणि दुसरे, शेजारच्या केस्लापूरला पौष अमावास्येला भरणारी नागोबाची जत्रा. त्या जत्रेला महाराष्ट्रातले गोंडही येतात. इथल्या बाजारात गोंडी, तेलुगू, मराठी आणि बंजारा बोली शेजारी शेजारी ऐकू येतात. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्रात आले, पण सोयरिकी आणि व्यवहार काही नकाशाप्रमाणे वाटले गेले नाहीत. मोबाईल आल्यावर राज्याच्या सीमेवर आणखी एक सीमा बसली, ती टेलिकॉम सर्कलची. तेलंगण २०१४ मध्ये वेगळे राज्य झाले, तरी दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात ते अजून आंध्र प्रदेश सर्कलमध्येच आहे. किनवट महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, ज्यात गोवाही मोडतो. सर्कल ओलांडले की रोमिंग लागायचे आणि आलेल्या फोनचेही पैसे कटायचे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ मे २०१५ पासून रोमिंगमधल्या इनकमिंगवर मिनिटाला ४५ पैशांची कमाल मर्यादा घातली. दर उतरला, पण आकारणी राहिलीच. सीमेवरच्या माणसाने यावर स्वतःचा तोडगा काढला होता: एक सिम इकडचे, एक तिकडचे. जिवती तालुक्यातल्या ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तिथल्या लोकांकडे दोन रेशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे असतात. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम असणे तर अगदीच स्वाभाविक.

जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये बाजारात आले आणि वर्षभरात देशांतर्गत रोमिंगचा खर्च जवळपास संपला. त्या हिशेबाने सीमेवरचे दुसरे सिमही संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण त्याचे कारण बदलले. आता प्रश्न सर्कलचा नाही, कंपनीचा आहे. डोंगर, सागवानाचे जंगल आणि विखुरलेले गुडे अशा मुलुखात एकाच कंपनीची रेंज सगळीकडे मिळेल याची खात्री नसते. डोंगराच्या अलीकडे दिसणारा टॉवर पलीकडे दिसत नाही, आणि ज्या लहरींवर वेगवान इंटरनेट चालते त्या जितक्या उंच वारंवारितेच्या, तितक्या झाडीत आणि भिंतींत लवकर विरतात. घरात एक कंपनी, शेतात दुसरी, अशी विभागणी मग आपोआप होते. त्यात बँकेचे खाते, आधार, पीकविमा, सरकारी मदतीचे मेसेज हे सगळे ज्या नंबराला जोडलेले असतात तो बहुधा जुना नंबर असतो, आणि पाहुण्यांकडे, अडत्याकडे असतो तो दुसराच. एक नंबर सोडावा तर कागदपत्रे अडतात, दुसरा सोडावा तर माणसे तुटतात. तेव्हा दोन सिम बाळगणारा ग्राहक हौशी नाही. एकाही कंपनीने पूर्ण न केलेले काम तो स्वतःच्या खिशातून पूर्ण करतो आहे.

आता फोनच्या आत काय होते ते पाहू. मोबाईल खिशात गप्प पडलेला असतो तेव्हाही तो पूर्ण झोपत नाही. ठरलेल्या अंतराने, साधारण सेकंद-दोन सेकंदांनी, तो क्षणभर जागा होतो आणि टॉवरकडून आपल्यासाठी काही हाक आली आहे का ते ऐकतो. फोन आला असेल तर ती हाक ऐकून तो उत्तर देतो आणि मगच घंटी वाजते. दोन सिमच्या फोनवर *#०६# दाबले की पंधरा-पंधरा आकड्यांचे दोन आयएमईआय क्रमांक पडद्यावर दिसतात, म्हणजे नोंदीपुरते ते दोन फोनच आहेत. पण टॉवरशी बोलणारा रेडिओ बाजारातल्या बहुतेक फोनमध्ये एकच असतो. तो आळीपाळीने दोन्ही कंपन्यांच्या हाका ऐकतो. हाक क्षणभराची असल्यामुळे रिकाम्या वेळी हे उत्तम जमते आणि दोन्ही नंबर चालू असल्याचा अनुभव येतो. एका सिमवर बोलणे सुरू झाले की तो रेडिओ पूर्णपणे त्या बोलण्याला जुंपला जातो. दोन वाड्यांना एकच राखणदार ठेवला आणि तो एका दारात पाहुण्याशी बोलत उभा राहिला, तर दुसऱ्या दारावरची थाप ऐकायला कोणी उरत नाही, तसा हा प्रकार. दुसऱ्या कंपनीचा टॉवर हाक मारतो, पुन्हा मारतो, उत्तर येत नाही. ग्राहक पहिल्या कंपनीच्या जाळ्यात बोलतो आहे हे या कंपनीला कळण्याची काही व्यवस्था नाही. म्हणून ती आपल्याला ठाऊक असलेल्या कारणांपैकी एक सांगून मोकळी होते: फोन बंद आहे, नाहीतर कव्हरेजबाहेर आहे. या रचनेला ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय म्हणतात. ती केवळ स्वस्त फोनची खोड नाही. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आयफोनला दुसऱ्या नंबराची सोय दिली तेव्हा त्यातही हीच मर्यादा होती: एका नंबरावर बोलत असताना दुसऱ्यावर आलेला फोन व्हॉइसमेलकडे जायचा. आपल्याकडे व्हॉइसमेल कोणी वापरत नाही, म्हणून इथे तो फोन कुठेच जात नाही.

या हुकलेल्या फोनांची किंमत काय, असे कोणी विचारील. पुन्हा लावला की लागतोच की! पण पुन्हा लावायचे की नाही हे लावणारा ऐकलेल्या वाक्यावरून ठरवतो. एंगेज ऐकले तर तो दोन मिनिटांनी परत प्रयत्न करतो. स्विच ऑफ ऐकले तर तो संध्याकाळवर टाकतो किंवा दुसऱ्या माणसाला फोन करतो. समजा १०८ च्या गाडीला पत्ता सापडत नाही आणि चालक दिलेल्या नंबरावर फोन करतो. त्याच वेळी घरातला माणूस दुसऱ्या सिमवरून नातेवाइकांना बातमी सांगत असेल, तर चालकाला ऐकू येते, फोन बंद आहे. मजुरांचा मुकादम, शेतमालाची गाडी पाठवणारा, शाळेतून फोन करणारे शिक्षक, यांच्या बाबतीतही असेच घडते, फक्त त्याचे मोल लगेच दिसत नाही. फोनच नव्हे, मेसेजही अडतात. बोलणे चालू असताना दुसऱ्या सिमवर पाठवलेला एसएमएस अशा फोनमध्ये बहुधा कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि बोलणे संपल्यावर येतो. साध्या मेसेजचे त्याने काही बिघडत नाही, ओटीपीचे बिघडते, कारण त्याची मुदत काही मिनिटांची असते. आदिलाबादचा शेतकरी मुख्यतः कापसाचा. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी घ्यायला सुरुवात केली. अशा नोंदणीत पहिली पायरी मोबाईल नंबराची असते. ज्याला अ‍ॅप नीट वापरता येत नाही तो कोणाला तरी फोन करून, विचारत विचारत माहिती भरतो. म्हणजे एका सिमवर बोलणे चालू आणि ओटीपी येणार दुसऱ्यावर, हा प्रसंग इथे अपवादाने येणारा नाही.

आणि हा अर्धवट चालणारा दुसरा नंबर फुकट मिळत नाही. २००३ मध्ये फोन लावणाऱ्याने पैसे द्यायची पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झाले. नंतरच्या काळात 'लाइफटाइम' सिम विकले गेले आणि दुसरे सिम नुसते फोन घेण्यासाठी ठेवणे परवडू लागले. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी ते दिवस संपवले. ३५ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज मारा, नाहीतर आधी आउटगोइंग आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद, असा नियम आला. ३५ रुपयांवरून तो आकडा चढत गेला. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचा २८ दिवसांचा सुरुवातीचा प्लॅन १७९ वरून १९९ रुपयांवर आणि जिओचा १५५ वरून १८९ वर गेला. २८ दिवसांचे महिने वर्षात तेरा होतात. त्या दराने ही दोन सिम वर्षभर चालू ठेवायला ५,०४४ रुपये लागतात. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलून डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. निर्णय चांगला होता. पण त्यानंतर आलेला एअरटेलचा वर्षभराचा पॅक १,८४९ रुपयांचा होता, म्हणजे वर्षाची रक्कम एकदम मोजायची आणि ती काही किरकोळ नाही. मुद्दा असा की कंपनी पूर्ण नंबराचे पैसे घेते. ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या नंबरावर बोलत असेल तेवढा वेळ माझा दर अर्धा, असे कोणतीही कंपनी म्हणत नाही.

यावर फोन बनवणाऱ्यांचे उत्तर असते की नवे तंत्र आले आहे. ते खरे आहे, आणि त्याकडे नीट पाहायला हवे. दोन रेडिओ असलेले, दोन्ही सिम एकाच वेळी बोलू शकतील असे फोन निघाले आहेत. क्वालकॉमने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या सर्वांत महागड्या चिपमध्ये ५जीसह ही सोय दिली. ती महागड्या फोनांत आहे, बाजारहाटाला आलेला माणूस घेतो त्या फोनांत नाही. दुसरा मार्ग अधिक हुशारीचा आहे. एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे सिम पहिल्या सिमच्या इंटरनेटवरून आपल्या कंपनीशी जोडलेले राहते, जसे ते घरच्या वायफायवरून राहते तसे. कंपनीच्या दृष्टीने ते वायफाय कॉलिंगच असते. एअरटेलने वायफाय कॉलिंग डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केले, आणि अनेक नव्या स्मार्टफोनमध्ये असा पर्याय सेटिंगमध्ये सापडतो. ज्याच्याकडे आहे त्याने तो जरूर चालू करावा. पण त्याच्या अटी पाहा. फोन स्मार्ट हवा, दोन्ही कंपन्यांनी त्या फोनसाठी ही सोय खुली केलेली हवी, डेटा शिल्लक हवा, आणि सर्वांत महत्त्वाचे, चालू असलेले बोलणे ४जी किंवा ५जीवर हवे. रेंज कमी झाली की ज्या कंपन्यांकडे २जी आहे त्यांचा फोन बोलण्यासाठी २जीवर उतरतो. २जीवर बोलणे सुरू झाले की इंटरनेट थांबते, आणि इंटरनेट थांबले की दुसऱ्या सिमचा हा आधारही जातो. म्हणजे जिथे भरपूर रेंज आहे, जिथे एका सिमवर भागले असते, तिथे ही युक्ती छान चालते. जिथे रेंज तुटक म्हणून माणसाने दोन सिम घेतली, तिथेच ती साथ सोडते. साध्या बटणांच्या फोनचा तर इथे प्रश्नच येत नाही.

तिसरा मार्ग जुना आहे, साध्या फोनवरही चालतो, आणि त्याची कोणी जाहिरात करत नाही. प्रत्येक कंपनीच्या जाळ्यात अटीवर कॉल फॉरवर्ड करण्याची सोय असते: नंबर लागला नाही तरच फोन अमुक नंबराकडे पाठवा. पहिल्या सिमवर 'लागला नाही तर दुसऱ्याकडे' आणि दुसऱ्यावर 'लागला नाही तर पहिल्याकडे' असे लावून ठेवले की काम होते. तुम्ही पहिल्या सिमवर बोलत आहात आणि दुसऱ्यावर फोन आला, तर टॉवरच्या हाकेला उत्तर मिळत नाही, कंपनी तो फोन पहिल्या नंबराकडे वळवते आणि तुमच्या कानात वेटिंगचा बीप वाजतो. फक्त दोन्ही सिमवर कॉल वेटिंग चालू हवे आणि वळवणाऱ्या सिमवर आउटगोइंगचा पॅक हवा, कारण वळवलेला फोन त्याच्या खात्यावर धरला जातो. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. त्यासाठी कोडही आहेत, पण त्यांतले काही आता थांबवले आहेत, उरलेले कंपनीगणिक बदलतात आणि ते लक्षात ठेवण्याची अपेक्षा सामान्य ग्राहकाकडून करणे चूक आहे. नवीन सिम चालू करून देताना दुकानदार डेटाचा पॅक समजावून सांगतो, ही सोय सांगत नाही. तिच्यातून त्याला काही सुटत नाही, आणि कंपनीलाही ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या नंबराकडे वळवण्यात रस नसतो.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. कॉल फॉरवर्डिंग हे फसवणुकीचे हत्यार झाले आहे. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचे सांगून भामटे ग्राहकाला एक कोड दाबायला लावतात, त्याचे फोन आपल्याकडे वळवून घेतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी ऐकून खाते साफ करतात. म्हणूनच दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून *४०१# सारख्या यूएसएसडी कोडने फॉरवर्डिंग लावण्याची सोय १५ एप्रिलपासून थांबवली. त्या आदेशामागचे कारण योग्य होते. पण त्यातला धोका अनोळखी नंबराकडे फोन वळण्याचा आहे. दोन सिमच्या ग्राहकाला फोन वळवायचा आहे तो स्वतःच्याच दुसऱ्या नंबराकडे. सिम देताना ओळखपत्र घेतले जाते, आणि एका माणसाच्या नावावर किती नंबर आहेत हे संचार साथी पोर्टलवर सरकार आज दाखवते, कारण एका व्यक्तीला नऊच्या वर सिम ठेवता येत नाहीत. म्हणजे दोन्ही नंबर एकाच माणसाच्या नावावर आहेत का, हे तपासणारी यंत्रणा उभी आहे. स्वतःच्या नावावरच्या नंबराकडे, आणि फक्त नंबर लागत नसताना, फोन वळवायची सोय सुरक्षित आणि विनाशुल्क करावी. बाकी सगळ्या फॉरवर्डिंगवर हवे तितके कडक निर्बंध ठेवावेत. घरातली सिम अनेकदा एकाच कर्त्या माणसाच्या नावावर असतात, त्यामुळे काही नंबर या चाळणीतून सुटतील आणि काही अडकतील, हे मान्य. तरी आज जे शून्य आहे त्यापेक्षा ते पुष्कळ असेल.

दुसरा आक्षेप असा की दोन सिम ठेवताच कशाला? नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर ३ जुलै २०१५ पासून आहे. चांगली रेंज असलेली कंपनी घ्या आणि मोकळे व्हा. हा सल्ला हैदराबादला किंवा पुण्याला लागू पडतो. जिथे शेतातली चांगली कंपनी घरात चालत नाही, तिथे एक नंबर निवडणे म्हणजे दिवसातले काही तास न लागणे निवडणे. या आक्षेपाला खरे उत्तर मिळेल ते कंपन्यांनी एकमेकांचे टॉवर ग्राहकांना वापरू दिले तरच. तेही अशक्य नाही. सिमला स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा फोन जो टॉवर सापडेल त्यावरून लागू शकतो. पडद्यावर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असे दिसते ते त्याचसाठी. १७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने एक पाऊल पुढे टाकले आणि डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांच्या ग्राहकांना एकमेकांची रेंज वापरता येईल अशी व्यवस्था सुरू केली. सरकारी पैशाच्या टॉवरवर हे जमते, तर दुर्गम मंडलांतल्या खासगी टॉवरवरही योग्य भाडे ठरवून ते जमायला हवे. कंपन्या म्हणतील की आम्ही खर्च करून टॉवर उभारला, त्याचा फायदा प्रतिस्पर्ध्याला का द्यावा. ते म्हणणे रास्त आहे, म्हणूनच भाडे हवे. पण हे व्हायला वर्षे जातील, आणि तोवर दोन सिम राहणारच.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात हल्ली सगळे, हा आणखी एक सूर. जे बोलतात त्यांना अडचण नाही. पण रुग्णवाहिकेचा चालक, बँक, पोलीस ठाणे, बाजार समिती, वीज कार्यालय हे साधा फोन लावतात, आणि ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांना दुसरा मार्ग नाही. ट्रायला डिसेंबर २०२४ चा नियम करावा लागला तोच मुळी फक्त बोलण्यासाठी फोन वापरणारी माणसे या देशात मोठ्या संख्येने आहेत म्हणून.

राहिला प्रश्न खोट्या वाक्याचा, आणि मला तो सर्वांत सोपा वाटतो. कंपनीला ग्राहक दुसऱ्या जाळ्यात बोलतो आहे हे कळत नाही, तर फोन बंद आहे असे छातीठोक सांगण्याचा तिला अधिकार नाही. 'या नंबराकडून आत्ता उत्तर मिळत नाही, हा माणूस दुसऱ्या सिमवर बोलत असू शकतो, थोड्या वेळाने पुन्हा लावा' एवढे वाक्य पुरे आहे. वाक्य बदलणे कंपन्यांना जड जात नाही हे आपण पाहिले आहे. मार्च २०२० पासून देशभर फोन लावला की आधी करोनाची सूचना ऐकू यायची. पुढे सायबर फसवणुकीची सूचना ऐकू आली. सरकारने सांगितले आणि कोट्यवधी फोनांच्या आधी ती वाजली. सीमेलगतच्या मंडलांत हे वाक्य मराठीतही ऐकवता येईल, कारण किनवट-माहूरकडून फोन लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेलुगू कळेलच असे नाही. शिवाय असा फोन हुकला की त्याची खबर देणारा एसएमएस दोन्ही कंपन्यांनी फुकट आणि न मागता पाठवावा. तो बोलणे संपताच पोचेल आणि ग्राहक स्वतः परत फोन करील.

फोन बनवणाऱ्यांवरही एक बंधन हवे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ड्युअल सिम' लिहिलेले असते. एका सिमवर बोलताना दुसरे लागेल की नाही हे कुठेच ठळकपणे लिहिलेले नसते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल छापतात तिथेच ही एक ओळ मराठी-तेलुगूसारख्या स्थानिक भाषांत छापायला लावावी. फोनच्या रचनेत सरकारने हात घालू नये असे म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की आणीबाणीच्या बटणाची सक्ती सरकारने १ जानेवारी २०१७ पासून लागू केली होती आणि भारतीय भाषांतले अक्षर फोनवर वाचता आले पाहिजे हाही नियम केला. प्रत्येक फोनमध्ये दोन रेडिओ घाला अशी मागणी मी करत नाही. त्याने फोन महागेल, बॅटरी लवकर उतरेल आणि तो भार पुन्हा गरीब ग्राहकावरच पडेल. जो फोन विकला जातो तो काय करतो आणि काय करत नाही, एवढे विकताना सांगावे.

यातली कोणतीही गोष्ट इंद्रवेल्लीपुरती नाही. अक्कलकोटपासून बेळगावपर्यंत आणि गडचिरोलीपासून दोडामार्गपर्यंत सीमेवरच्या प्रत्येक तालुक्यात हाच प्रश्न आहे. सुरुवात मात्र लहान जागेतून करता येते. ट्रायने कंपन्यांना सांगावे की नवे सिम चालू करताना ग्राहकाला त्याचा दुसरा नंबर विचारा, दोन्ही नंबर त्याच्याच नावावर असल्याचे तपासा, त्याची संमती घ्या आणि 'लागला नाही तर दुसऱ्याकडे' ही सोय दुकानातच लावून द्या. मग दुकानदाराने एका सिमवरून फोन लावून, बोलणे चालू असतानाच दुसऱ्या नंबरावर फोन करून बीप येतो का हे ग्राहकासमोर तपासून दाखवावे.